टाकीचं झाकण पुन्हा उघडं!!

बी-३०४: काल संध्याकाळी खालच्या टाकीचं झाकण पुन्हा उघडं होतं. माझी अडीच वर्षांची मुलगी काठावरून आत वाकली होती. मी दोन पावलांवर होते म्हणून धरली. आता तरी कुलूप लावणार का?

सचिव: ताई, नोंद घेतली आहे. पंपवाल्याशी बोलतो.

बी-३०४: हेच मागच्या वेळीही बोलला होतात.

ए-१०१: मुलांवर आईवडिलांनी लक्ष ठेवावं. प्रत्येक वेळी सोसायटीला का धरता?

बी-३०४: काका, लक्ष होतं म्हणूनच ती आज घरात आहे.

ए-५०२ (डॉक्टर): काका, लहान मूल बुडताना ओरडत नाही. डोकं जड असतं, तोल गेला की सरळ होता येत नाही. बादलीतलं थोडंसं पाणीही पुरतं. नजर क्षणभर हटतेच, म्हणून झाकणाला कुलूप हवं.

ए-३०३: पार्किंगचंही घ्या. मुलं खेळताना गाड्या रिव्हर्स घेतात.

बी-२०३: कुलूप लावा, मग किल्ली शोधायला समिती नेमू 😀

बी-३०४: यात हसण्यासारखं काय आहे?

बी-२०३: चुकलं ताई. सॉरी.

सचिव: जिन्याच्या खिडक्यांच्या ग्रिलचा विषय मागच्या मीटिंगमध्ये कोणामुळे अडला, ते सर्वांना ठाऊक आहे.

बी-४०१: नाव घेऊन बोला की. बाहेरून तुरुंग वाटतो एवढंच म्हटलं होतं. डासांची जाळी आहेच.

ए-५०२ (डॉक्टर): डासांची जाळी मुलाचं वजन पेलत नाही हो. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात खिडकीतून पडणाऱ्या मुलांची नोंद ठेवली, घरोघरी जाऊन समजावलं, खिडकीला बसवायचे गार्ड मोफत दिले. पडणं खूप कमी झालं आणि १९७६ मध्ये तसा नियमच आला. नॉर्वेतल्या हार्स्टाडमध्ये तर रुग्णालयाने भाजलेल्या प्रत्येक मुलाचं कुठे, कसं घडलं ते लिहून गावाला सांगितलं. लहान मुलांचं भाजणं जवळपास निम्म्यावर आलं. आपणही गेटवर वही ठेवू. थोडक्यात टळलेलंही लिहायचं, पण मुलाचं नाव नको, फक्त जागा.

ए-३०३: त्या वहीत पहिली ओळ पार्किंगची.

बी-४०१: म्हणजे एकमेकांच्या चुका काढायला नवं साधन.

ए-५०२ (डॉक्टर): म्हणूनच नाव नको म्हणते. वॉचमन, कामाला येणाऱ्या मावशी, मोठी मुलं, सगळ्यांनी लिहावं. कठडा कुठे हलतो ते मुलांना आपल्याआधी कळतं.

ए-१०१: एक सांगतो. महिन्यापूर्वी नातवाने रिमोटमधला बटण सेल तोंडात घातला होता. वेळीच काढला. कुणाला बोललो नाही, सुनेला चार गोष्टी ऐकाव्या लागल्या असत्या.

बी-३०४: काका 🙏

ए-५०२ (डॉक्टर): बरं झालं सांगितलंत. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर इजा होते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठा, उलटी काढू नका. ज्या वस्तूच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही, ती आजच वर ठेवा.

बी-४०१: ग्रिल आतल्या बाजूने बसत असेल तर माझी हरकत नाही. फटी किती ठेवायच्या?

ए-५०२ (डॉक्टर): १० सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. आणि आगीच्या वेळी आतून उघडता यायला हवं.

सचिव: रविवारी मीटिंग. टाकी, ग्रिल, वही.

ए-३०३: आणि पार्किंग.

बी-३०४: रविवारपर्यंत टाकी उघडीच? मी आत्ता तिथे खुर्ची टाकून बसले आहे.

ए-१०१: थांब, माझ्याकडे जुनं कुलूप आहे. खाली येतो.