अमेरिकेत क्रिमिनल जस्टिस शिकायचंय : एजंटचं खरं मानायचं का, आणि खात्रीची माहिती नेटवर कुठं?

कृष्णाकाठ, सांगली
बी.एस्सी. रसायनशास्त्र, शिवाजी विद्यापीठ, तीन वर्षांची पदवी. अमेरिकेत क्रिमिनल जस्टिस किंवा फॉरेन्सिकमध्ये एम.एस. करायचा विचार आहे. इथले एक एजंट म्हणतात, पदवी झाली की तिकडच्या पोलिसात लागता येतं. खरं का? कॉलेज बोगस नाही हे कसं तपासायचं? आणि तिथली पोलीस यंत्रणा, गुन्ह्यांची आकडेवारी फुकट कुठं वाचायला मिळेल?

घाटमाथा, सातारा
पोलिसातल्या नोकरीचं विसरा. एफबीआयच्या स्पेशल एजंटला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, न्यूयॉर्क पोलिसातही तीच अट. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर शिकल्यानंतर मिळते ती ओपीटी, म्हणजे विषयाशी संबंधित काम करायची १२ महिन्यांची मुभा.

तुमचे दोन पर्याय इथंच वेगळे होतात. आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या प्रवेशाच्या कागदावर, विषयाचा सहा आकडी सीआयपी कोड छापलेला असतो. क्रिमिनल जस्टिसचा नेहमीचा कोड ४३.०१०४, तो होमलँड सिक्युरिटी खात्याच्या स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नाही. फॉरेन्सिक सायन्स आहे, म्हणून तिथं ओपीटी आणखी २४ महिने वाढू शकते. कोर्सच्या नावावर जाऊ नका. 'कोड कोणता?' हे पैसे भरायच्या आधी विद्यापीठाला ईमेलवर विचारा, लेखी उत्तर घ्या. रसायनशास्त्र हातात असताना मी तरी फॉरेन्सिकच बघेन. त्यात फेपॅकची, म्हणजे फॉरेन्सिकचे कोर्स तपासणाऱ्या तिथल्या संस्थेची, मान्यता असलेला कोर्स निवडा, यादी त्यांच्या साइटवर आहे.

कॉलेज तपासायला 'स्टडी इन द स्टेट्स' ही सरकारी साइट. तिथल्या यादीत नाव नसेल तर ते कॉलेज आय-२० देऊच शकत नाही. पण नाव आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठ त्या यादीत होतं, आणि २०१९ मध्ये कळलं की ते इमिग्रेशन खात्यानंच सापळा म्हणून उभं केलेलं. ना वर्ग, ना प्राध्यापक. अडकलेल्यांत बहुतेक भारतीय मुलं. म्हणून वेळापत्रक, प्राध्यापकांची नावं, अॅक्रेडिटेशन या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी पडताळा. तीन वर्षांची पदवी चालते का, हेही विद्यापीठागणिक बदलतं. अर्जाची फी भरण्याआधी विचारा.

हळदबाजार, सांगली
आकडेवारीचं मी सांगतो. आधी डोक्यातली आपली रचना बाजूला ठेवा. इथं एक राज्य पोलीस दल, वर महासंचालक, जिल्ह्याला एसपी. तिथं सुमारे १८,००० स्वतंत्र यंत्रणा : शहराचे पोलीस, काउंटीचा शेरीफ (बहुतेक ठिकाणी निवडून आलेला, हो, मतदानानं!), राज्याचे, केंद्राचे, विद्यापीठांचे स्वतःचे. 'अमेरिकन पोलिसांचा नियम' असं एकच काही नसतं.

एफबीआयचं 'क्राइम डेटा एक्सप्लोरर' फुकट आहे. पण २०२१ चे आकडे मागच्या वर्षांना जोडून आलेख काढू नका. त्या वर्षी जुनी पद्धत बंद करून फक्त निब्रस या नव्या, प्रत्येक घटनेचा तपशील घेणाऱ्या पद्धतीनं माहिती मागवली, आणि न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या मोठ्या दलांनी ती दिलीच नाही. गुन्हे घटल्यासारखे दिसतात, खरं तर नोंद घटलेली असते. शिवाय हे फक्त पोलिसांपर्यंत पोचलेले गुन्हे. न नोंदवलेल्यांसाठी न्याय खात्याचं पीडितांचं सर्वेक्षण आहे, १९७३ पासूनचं. दोन्ही समोर ठेवून वाचा. अहवालांसाठी एनसीजेआरएस हे न्याय खात्याचं ऑनलाइन ग्रंथालय, कच्च्या डेटासाठी मिशिगन विद्यापीठातलं एनएसीजेडी हे गुन्हेविषयक डेटाचं भांडार.

कॉलेज निवडतानाही एक उपयोग. क्लेरी कायद्यामुळं (१९९०) केंद्र सरकारची विद्यार्थी मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत आवारातल्या गुन्ह्यांचा अहवाल जाहीर करावा लागतो. आकडा शून्य दिसला की हुरळू नका, नोंद नीट होत नसेल असंही असतं.

घाटमाथा, सातारा
व्हिसाचं राहिलं. क्रम असा : आय-२०, मग सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी ३५० डॉलर, मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, मग व्हिसाची फी १८५ डॉलर. सेविसच्या पावतीवरचा क्रमांक आय-२० शी जुळला पाहिजे, एका आकड्याची चूक मुलाखतीच्या खिडकीवर महागात पडते. डीएस-१६० मध्ये मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची सगळी खाती लिहायची, आणि जून २०२५ पासून ती सार्वजनिक ठेवायला सांगतात. बायोमेट्रिक आणि मुलाखत वेगळ्या ठिकाणी, बहुधा वेगळ्या दिवशी. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईत उतरून त्याच रात्री परत, असं धरू नका. एजंट पोलीस पडताळणीच्या दाखल्याचे पैसे मागत असतील तर देऊ नका, विद्यार्थी व्हिसाला तो एरवी लागत नाही.

कोयनाकाठ, कराड
पोलिसांशी गाठ पडलीच तर : गाडी थांबवली की आपल्याकडं आपण खाली उतरून साहेबांकडं जातो. तिथं हे अजिबात करायचं नाही. उजवीकडं थांबा, आत बसून राहा, हात स्टिअरिंगवर. कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात असतील तर आधी सांगा, मग हात घाला. 'मिटवून टाकू' म्हणालात तर लाचेचा गुन्हा. दारू पिऊन गाडी चालवताना अटक झाली तर दोषी ठरण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. आणि अटकेत भारतीय दूतावासाला आपोआप कळवत नाहीत, तशी सक्ती असलेल्या देशांत आपण नाही. 'माझ्या वकिलातीला कळवा' हे आपणच म्हणायचं.