‘एईएस-एनआय म्हणजे नुसतं स्टिकर’ म्हणे!

निवांत_नारायण
काल रोखठोक_ठाणेकर यांनी लिहिलं, की त्यांनी आपल्या एपीयू२ डब्यावर (राउटर-फायरवॉल म्हणून वापरायचा छोटा संगणक) फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एईएस-एनआयचं (एईएस एनक्रिप्शन झटपट करणाऱ्या प्रोसेसरमधल्या सूचनांचं) मॉड्यूल एकदा चढवून आणि एकदा उतरवून ‘ओपनएसएसएल स्पीड’ (एनक्रिप्शनचा वेग मोजणारी चाचणी) चालवला, दोन्ही वेळा आकडे तेच आले, म्हणून ‘हार्डवेअर एनक्रिप्शन हे डब्यावरचं स्टिकर आहे, पैसे वाचवा’. खाली ‘डोळे उघडले दादा’ म्हणून वाहवा. मी झोपायला निघालो होतो. ते वाचलं आणि झोप गेली.

साहेब, तुम्ही दोन्ही वेळा एकच गोष्ट मोजलीत. तुमच्याकडे ओपनएसएसएल १.१.१ आहे, हे तुम्हीच लिहिलंय. त्यात ‘ईव्हीपी’चा (ओपनएसएसएलच्या नव्या वाटेचा) पर्याय न देता नुसतं सायफरचं (एनक्रिप्शनच्या पद्धतीचं) नाव दिलं, की काम जुन्या फंक्शनांकडे जातं आणि त्या वाटेवर एईएस-एनआय लागतच नाही. (तिसऱ्या आवृत्तीपासून हा घोळ मिटला.) बरं, ईव्हीपी दिलं असतं तरी मॉड्यूलमुळे फरक पडला नसता. ते मॉड्यूल कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कामाचं, आयपीसेक (कर्नलमध्ये चालणारं व्हीपीएन) वगैरेसाठी. ओपनएसएसएल प्रोसेसरला थेट सांगतं, कर्नलला विचारत बसत नाही. खरोखर बंद करून बघायचं असेल तर ‘आयए३२कॅप’ व्हेरिएबलमधून (प्रोसेसरच्या कुठल्या सोयी वापरायच्या हे ओपनएसएसएलला सांगणारी सेटिंग) एईएस-एनआयचा बिट झाकावा लागतो. झाकून बघा. माझा आकडा चौथाईवर येतो. स्टिकरने एवढं होतं का?

रोखठोक_ठाणेकर
प्रवचनाबद्दल आभार. ईव्हीपी लावून चालवलं. एईएस-२५६-सीबीसी (एईएस वापरायची एक रीत), १०२४ बाइटच्या तुकड्यांच्या रकान्यात दीड लाख ‘के’ (सेकंदाला हजार बाइट). म्हणजे सेकंदाला १५० मेगाबाइट, गुणिले आठ, १,२०० मेगाबिट. झालं समाधान?

आता त्याच डब्यावरून ओपनव्हीपीएनने (व्हीपीएन म्हणजे इंटरनेटमधून नेलेला एनक्रिप्टेड बोगदा) ऑफिसला जोडलो. ९० मेगाबिट. बाकीचे अकराशे दहा कुठे गेले, पंढरीला? स्टिकर म्हणालो ते उगाच नाही.

रांगडा_गडी
माझ्याकडं त्याच डब्यावर सहा लाख दाखवतंय राव. तुमचा डबाच गंडलाय.

निवांत_नारायण
रांगडे, ‘मल्टी ४’ लावलंत ना? चार कोरांची बेरीज आहे ती. ओपनव्हीपीएनचा एक बोगदा एकाच कोरवर चालतो. चार जणांचा पगार मोजून एकाचा हप्ता ठरवू नका.

ठाणेकर, तुमचे अकराशे दहा वाटेत सांडले. प्रत्येक पॅकेट कर्नलमधून बाहेर ओपनव्हीपीएनकडे येतं आणि परत आत जातं. १ गिगाहर्ट्झच्या कोरचा वेळ त्या येरझाऱ्यांत जातो. शिवाय तुमच्या सीबीसीसोबत एसएचए-२५६चं एचएमएसी (पॅकेट वाटेत बदललं नाही ना, याची तपासणी) आहे आणि त्या प्रोसेसरात एसएचएला हार्डवेअरची मदत नाही. ते मोजलंत का? जीसीएम लावा (एईएसची दुसरी रीत, तिच्यात ही तपासणी सोबतच होते), थोडं तरी सुटेल. २०२३च्या जानेवारीत आलेल्या ओपनव्हीपीएन २.६ मध्ये डेटाचं काम कर्नलकडे सोपवायची सोय आहे, तीही बघा.

तंतोतंत
हे सगळं कशाला? वायरगार्ड (दुसरं व्हीपीएन) घाला आणि झोपा. लिनक्सच्या कर्नलमध्ये २०२०च्या मार्चपासून आहे. चाचा२० हे वेगळं सायफर वापरतं, एईएसशी संबंधच नाही. माझा रास्पबेरी पाय ४ आनंदात चालतोय आणि त्यात एईएसच्या सूचना मुळातच नाहीत. (पाय ५ मध्ये आहेत.)

रोखठोक_ठाणेकर
वा. ऑफिसच्या टोकाला काय बसवायचं ते तुम्ही येऊन सांगणार का? तिथला अ‍ॅडमिन पासवर्ड बदलायलाही तीन सह्या मागतो.

फसलेला_२०१७
मी बोलू का? एका नावाजलेल्या फायरवॉलवाल्यांनी २०१७ मध्ये जाहीर केलं, की पुढच्या मोठ्या आवृत्तीला एईएस-एनआय सक्तीचं. माझा अ‍ॅटमचा डबा एईएस-एनआयशिवाय ठणठणीत होता. दिवाळीच्या बोनसमधून नवा घेतला, बायकोला ‘सुरक्षेचा प्रश्न आहे’ सांगितलं. २०१९ मध्ये सक्ती मागे. बायको अजून विचारते, सुरक्षा आली का.

नागपूरची_नेटकरीण
तुमचे आकडे थंड हवेचे आहेत, राजेहो. माझा बिनपंख्याचा मिनी पीसी. सकाळी व्हीपीएन छान, दुपारी तीनला मीटिंगमध्ये आवाज तुटतो. केबलवाल्याशी भांडले, केबल बदलली. ओपनएसएसएल स्पीड चालवला तर आकडा एकदम मस्त. आठ दिवस डोकं फोडलं.

मग लक्षात आलं, ती चाचणी एका रकान्याला तीन सेकंद चालते. सहा रकाने, अठरा सेकंद, काम संपलं. एवढ्यात डबा तापत पण नाही! सेकंद वाढवून वीस मिनिटं रगडलं, तर दहाव्या मिनिटाला प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग उतरला आणि आकडा अर्ध्यावर. कारण काय, तर ‘हे काळं काळं बरं दिसत नाही’ म्हणून सासूबाईंनी डब्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता. मे महिना, वरच्या मजल्यावरचं घर, आणि वरून रुमाल.

रांगडा_गडी
😂 आमच्यात टीव्हीच्या कपाटात कोंबलाय, काचेच्या दारामागं. रुमालापेक्षा बरं का वाईट?

तंतोतंत
वाईट. एपीयू२ मध्ये प्रोसेसरची उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीतूनच बाहेर जाते. पेटीला हवा हवी.

फसलेला_२०१७
ऊब मिळते म्हणून माझ्या जुन्या डब्याखाली पाल राहायची. नव्याखाली येत नाही. एवढाच काय तो फरक पडला.

कोकणकडा
भिंतीवर उभा लावा, स्क्रू मारून. पंखा लावू नका, खारी हवा आत ओढतो आणि वर्षात गंजतो. आमच्या मालवणात दोन गेले.

नागपूरची_नेटकरीण
इथे खारी हवा कुठली, धूळ आहे. मी यूएसबीचा पंखा लावला, पाच अंश उतरले. रुमाल आता मिक्सरवर आहे.

रोखठोक_ठाणेकर
माझ्या मुद्द्याचं पाल-पुराण झालं. छान. तर कुणी मला सांगेल का, एक हजार मेगाबिटचा आकडा बघून मी डबा घेतला आणि मिळतात ९०, यात फसवणूक नाही?

निवांत_नारायण
आकडा फसवत नाही, तुम्ही तो भलत्या प्रश्नाला लावलात. त्याचा अर्थ एवढाच, की एनक्रिप्शन आडवं येणार नाही. व्हीपीएनचा वेग बघायचा तर डब्याच्या दोन्ही बाजूंना एकेक यंत्र लावून आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम) चालवा. डब्यावरच आयपर्फ चालवू नका, तो स्वतःच कोर खातो.

रोखठोक_ठाणेकर
चालवलं. लिहितो, पण नाचू नका.

आयए३२कॅप झाकलं, ओपनएसएसएलचा आकडा खरंच चौथाईच्या आसपास. म्हणजे स्टिकर नाही, हे तुमचं. पण त्याच अवस्थेत, दोन्ही बाजूंना लॅपटॉप लावून, ओपनव्हीपीएन ९० वरून ७१ वर आलं. एईएस-एनआय अख्खं काढून घेतलं आणि गेले फक्त १९. म्हणजे ओपनव्हीपीएनपुरतं ‘पैसे वाचवा’ हे माझं. आणि हो, मागे सेटिंगमध्ये ‘क्रिप्टोडेव्ह’ (एनक्रिप्शन कर्नलकडून करून घ्यायचा पर्याय) निवडून ठेवलं होतं. ते काढलं तर वेग किंचित वाढला.

निवांत_नारायण
साहजिक आहे. क्रिप्टोडेव्हमध्ये प्रत्येक तुकडा कर्नलला देऊन परत घ्यावा लागतो. पॅकेटएवढ्या तुकड्यांना तो हेलपाटा महाग पडतो. १९चं मान्य. पण आयपीसेकला एईएस-एनआय काढून बघा, मग बोलू.

रोखठोक_ठाणेकर
ते रविवारी. बायकोची मीटिंग याच डब्यावरून चालू आहे.

नागपूरची_नेटकरीण
रविवारी दुपारी तीनला चालवा. आणि आधी डब्यावर काही घातलंय का ते बघा.