नुसता टेन्शनर बदलून भागणार नाही
खडखड होते म्हणून मेकॅनिक टोयोटाच्या २२आर-ई इंजिनाचा फक्त टेन्शनर, म्हणजे टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) ताणून धरणारा भाग, बदलू म्हणतोय ना? जरा थांबा. जुन्या टोयोटा पिकअपमध्ये सकाळच्या पहिल्या स्टार्टला होणारी खडखड बहुतेकदा तुटलेल्या प्लास्टिक गाइडमुळे, म्हणजे चेनला जागेवर ठेवणाऱ्या पट्टीमुळे, असते. टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, म्हणून प्रेशर आलं की आवाज बसतो आणि माणूस निर्धास्त होतो. व्हॉल्व्ह कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) काढून टॉर्चने आत बघा. डावीकडचा गाइड गायब असेल तर चेन थेट अ‍ॅल्युमिनियमच्या टायमिंग कव्हरला घासतेय. याच कव्हरमधून कूलंटही फिरतं, तिथे भोक पडलं की कूलंट ऑइलमध्ये. दूध घातलेल्या चहासारखं ऑइल दिसलं की बेअरिंगांचा निकाल लागलाच समजा! चेन, गाइड, टेन्शनर, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) एकदमच बदला, गाइड पोलादी पाठीचेच घ्या. आणि हो, इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवून प्लास्टिकचे तुकडे वेचा. ते ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. फोर बाय फोर असेल तर पुढचा डिफरन्शियल (पुढच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) चेंबर काढताना आडवा येतो, मजुरी आधीच ठरवा.