मदत हवी आहे : विंडसरला आईला घेऊन कुठे थांबावं?

मंडळी, येत्या शनिवारी, १९ मे २०१८ ला, ब्रिटनचा राजपुत्र हॅरी आणि मेगनचं लग्न. आई दादरहून आमच्याकडे, विंडसरजवळ स्लाउला आली आहे. हॅरीच्या आईच्या, डायनाच्या लग्नाचं १९८१ चं कात्रण पर्समध्ये घालून आणलंय तिनं, पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं. "आईविना वाढलेलं पोर बोहल्यावर चढतंय, बघायलाच हवं," म्हणते. मुंबईच्या डबेवाल्यांनी मेगनसाठी पैठणी घेतल्याची बातमी वाचल्यापासून तर तिला झोप नाही!

लग्न दुपारी १२ ला, विंडसरच्या किल्ल्यातल्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये. १ वाजता बग्गी निघून गावातून फिरून लाँग वॉकवरून (किल्ल्याकडे जाणारा लांब, सरळ रस्ता) किल्ल्यात परतेल. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, फार वेळ उभं राहवत नाही. हाय स्ट्रीटवर बग्गी अगदी जवळून दिसेल, पण तिथे चेंगराचेंगरीची भीती वाटते. लाँग वॉक ऐसपैस, पण चालणं बरंच. घडीची खुर्ची आत नेऊ देतात का? स्लाउहून गाडी सहाच मिनिटांची, पण त्या दिवशी स्टेशनवर रांग लागणारच. पहाटे किती वाजता निघावं? २०११ ला विल्यमच्या लग्नाला लंडनमध्ये रस्त्यावर थांबलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा. तिला ते पोर एकदा डोळे भरून दिसावं, एवढंच.