अनुभव धागा : संगणक नवा झाला, पण हातातली सोय गेली

विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून गावोगावची सेवा केंद्रं, शाळा, कृषी केंद्रं इथली मशीनं एकेक करून बदलताहेत. मशीन हळू चालतं ही तक्रार इथं नको. रोजच्या वापरातली कोणती सोय गेली, तिच्यावाचून कोणाचं काम अडलं आणि तुम्ही काय मार्ग काढला, तेवढं लिहा. सुरुवात मीच करतो.

सेवा केंद्रचालक, आर्वी तालुका
जुलैत पीक विम्याची गर्दी असते. प्रत्येक शेतकऱ्याचा सातबारा, पासबुक, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र, सगळं एकाच वेळी उघडं ठेवावं लागतं. विंडोज १० मध्ये टास्कबारवर, म्हणजे स्क्रीनच्या तळाच्या पट्टीवर, प्रत्येक फाईलचं नाव वेगळं दिसायचं. विंडोज ११ वर गेलो आणि सगळ्या पीडीएफ एकाच चिन्हाखाली गोळा झाल्या. कोणाचं पासबुक कुठलं, हे दर वेळी माउस नेऊन शोधायचं. एकाचा कागद दुसऱ्याच्या अर्जाला लागला तर त्या माणसाचा विमा अडकतो, म्हणून ही सोय मला फार मोलाची वाटते. २०२१ साली अकरा आलं तेव्हा ती काढली होती. लोकांनी सतत मागणी केली, तेव्हा २०२३ मध्ये परत दिली. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, मग टास्कबार बिहेविअर्स. तिथं बटणं एकत्र करण्याच्या पर्यायात ‘नेव्हर’ निवडा. ज्यांना ठाऊक नाही ते अजूनही चाचपडत असतील, त्यांना आवर्जून सांगा.

संगणक परिचालक, ग्रामपंचायत, दारव्हा तालुका
मले राईट क्लिकनं लय सतावलं. पयले फाईलवर राईट क्लिक केलं का सगळं समोर दिसे. आता अर्धे पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मांगं टाकले. दाखले स्कॅन करा, झिप करा, पाठवा, हेच काम दिवसभर. दर फाईलले एक क्लिक जास्त, अन् समोर मजुरी पाडून आलेला माणूस उभा. शिफ्ट दाबून ठेवून राईट क्लिक करा, जुना मेनू पुरा उघडते. आता माह्या बोटाले तेच वळण पडलं.

कृषी केंद्र, मेहकर
विंडोज ८ आठवतं का कोणाला? २०१२ साली स्टार्ट बटणच काढलं होतं. पुढच्या वर्षी ८.१ मध्ये बटण आलं, पण मेनू नाही. खरा मेनू २०१५ मध्ये, दहासोबत. तोवर आम्ही सातवरच थांबलो आणि बरंच केलं.

निवृत्त शिक्षक, लाखांदूर तालुका
हे दुखणं फक्त विंडोजचं नाही. आमच्या शाळेत विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत प्रणाली होती, आवृत्ती १०.०४. वर डाव्या कोपऱ्यात तीन मेनू : ॲप्लिकेशन्स, प्लेसेस, सिस्टम. पाचवीतलं पोरही दोन तासिकांत टक्सपेंट हा चित्रकलेचा प्रोग्राम उघडायला शिकायचं, कारण सगळं नावानिशी यादीत होतं. १२.०४ बसवलं आणि युनिटी नावाचा नवा देखावा आला. डावीकडं नुसत्या चित्रांची पट्टी, बाकी सगळं नाव टाइप करून शोधायचं. ज्या मुलाला इंग्रजी स्पेलिंगच येत नाही, त्यानं काय टाइप करावं? मला त्या वेळी खरोखर राग आला होता. मोठ्या माणसाची सवय मोडते तेव्हा तो कुरकुरत का होईना शिकतो, पण मुलांच्या वाटेत इंग्रजीची भिंत उभी राहिली. १०.०४ मधला जुना देखावा, नोम २, जगवण्यासाठी काही लोकांनी माते नावाचा डेस्कटॉप चालू ठेवला. पुढं उबुंटू माते मिळालं, ते लावलं आणि तीन मेनू जागेवर आले. ज्यांनी फुकट मेहनत करून ते टिकवलं, त्यांचे उपकार मी मानतो.

पत्रिका छपाई, परतवाडा
मी टास्कबार डाव्या बाजूला उभा ठेवायचो. पत्रिकेचं पान उभं, त्यामुळं वरखाली मिळेल तेवढी जागा हवी. अकरात तो तळाशीच खिळवून दिला. आपोआप लपणारा करून घेतला आहे, पण पानाच्या तळाशी तारीख-मुहूर्ताची ओळ जुळवताना तो नेमका वर येतो.

सावली तालुका, चंद्रपूर
माझ्या बाबांची नजर अधू आहे. बाजारभाव, पेपर सगळं ते संगणकावरच वाचतात. विंडोज ७ मध्ये जुना ‘क्लासिक’ देखावा होता, प्रत्येक बटणाला ठसठशीत कडा. आठपासून तो गेला. नव्या देखाव्यात स्क्रोलबार इतका बारीक की बाबांना सापडतच नाही. ॲक्सेसिबिलिटीत व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये तो कायम दिसत ठेवता येतो, तेवढं करून दिलं. कडा मात्र परत आणता आल्या नाहीत. देखावा बदला, पण म्हाताऱ्या डोळ्यांसाठी जुना एक पर्याय ठेवायला काय हरकत होती?

सेवा केंद्र, कुरखेडा
आमच्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणून अकरा बसत नाही. नवं घेण्याची ऐपत सध्या नाही. लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकायचा विचार आहे. त्यावर इन्स्क्रिप्ट कीबोर्डनं मराठी टायपिंग आणि डिजिटल सहीचं टोकन (यूएसबीला लावायचं) दोन्ही चालवणारे कोणी असतील, तर टोकनचा प्रकार आणि मिंटची आवृत्ती यांसह कृपया लिहा.