न वापरला जाणारा कोड रेपोतून काढावा की राहू द्यावा?

खिडकीवाला
आमच्या सामायिक रेपोत (टीमचा सगळा कोड जिथे ठेवतो तिथे) 'ओल्ड', 'बॅकअप', 'फायनल_२' अशा नावांचे फोल्डर साचलेत. नवीन माणूस आला की यातलं चालू कुठलं, हे विचारण्यातच त्याचे सुरुवातीचे दिवस जातात. माझं मत स्पष्ट आहे: जो कोड कुठूनही कॉल होत नाही, तो काढून टाका. गिट (बदलांचा इतिहास जपणारं साधन) मध्ये फाइल डिलीट केली तरी आधीच्या कमिटमध्ये (जपून ठेवलेल्या टप्प्यात) ती जशीच्या तशी असते, हवी तेव्हा परत आणता येते. तरी टीममध्ये 'असू दे, लागेल कधीतरी' हेच ऐकायला मिळतं. तुम्हाला काय वाटतं?

डेटाबेसकाका
माझा विरोध. परत आणता येते हे खरं, पण ती होती हे कुणाला माहीत असेल तर ना! रेपोत सर्च मारला तर डिलीट झालेली फाइल दिसत नाही. जिने लिहिली ती नोकरी सोडून गेलेली असते. मग नवा माणूस तेच काम पहिल्यापासून करत बसतो.

आणि 'कुठूनही कॉल होत नाही' हे ठरवलं कशावरून? आमच्या एका बँकेच्या कामात फक्त ३१ मार्चला चालणारी स्क्रिप्ट होती. ती क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) चालायची आणि क्रॉनची नोंद सर्व्हरवर, रेपोत नाही. कोडमध्ये शोधलं तर तिचं नाव कुठेच सापडायचं नाही. कुणीतरी साफसफाईत ती उडवली. १ एप्रिलला व्याजाची बेरीज जुळेना आणि अख्खी टीम रात्रभर बसून होती.

टर्मिनलवाली
काका, तो दोष डिलीट करण्याचा नाही, क्रॉनची नोंद रेपोबाहेर ठेवण्याचा आहे. ठेवून दिलेला कोड किती महागात पडतो तेही बघा. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली नाइट कॅपिटल ही शेअर दलाली कंपनी. 'पॉवर पेग' नावाचा त्यांचा कोड २००३ पासून वापरात नव्हता, पण सर्व्हरवर तसाच पडून होता. नव्या सुविधेसाठी त्याचाच जुना फ्लॅग (चालू-बंद करायची खूण) वापरला. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड गेलाच नाही, तिथे त्या फ्लॅगने जुना कोड चालू केला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त तोटा! नऊ वर्षांत कधीही तो कोड काढता आला असता.

लिनक्स कर्नलसारख्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रकल्पातही काढतात. २०१८ मध्ये ४.१७ आवृत्तीत ब्लॅकफिन, टाइल वगैरे आठ आर्किटेक्चर (प्रोसेसरच्या प्रकारांसाठीचा कोड) काढून टाकली, लाखो ओळी गेल्या.

डेटाबेसकाका
नाइट कॅपिटलचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. नव्या कोडमध्ये पॉवर पेग काढायचं ठरलेलंच होतं. म्हणजे जुनं काढणं आणि त्याच फ्लॅगवर नवं बसवणं, दोन्ही एकाच वेळी केलं. एक सर्व्हर सुटला आणि सगळं अंगाशी आलं.

टर्मिनलवाली
बरोबर, आणि मला त्यातूनच पुढचं दिसतं. काढायचं काम वेगळ्या कमिटमध्ये, वेगळ्या रिलीजमध्ये करा. त्यात नवीन काही घालू नका. ते सगळ्या सर्व्हरवर पोचलं, काही दिवस नीट चाललं, की मग नवं. काही बिघडलं तर तो एकच कमिट रिव्हर्ट करायचा (उलटा फिरवायचा). दहा बदलांत मिसळलेलं डिलीट परत आणताना जीव जातो. कमिटच्या संदेशात का काढलं आणि त्याऐवजी काय वापरायचं हे लिहा, म्हणजे काकांचा नवा माणूसही गिटच्या लॉगमध्ये (कमिटच्या यादीत) शोधू शकेल.

नवखा_कोल्हापूर
जरा वेगळा प्रश्न. आमच्याकडे पासवर्ड असलेली एन्व्ह फाइल (प्रोग्रामच्या सेटिंगची) रेपोत गेलीये. डिलीट करून कमिट केलं की पुरे ना?

टर्मिनलवाली
अजिबात नाही. इतिहासात ती राहतेच. आधी पासवर्ड बदला, बाकी सगळं नंतर. इतिहासातून काढायची तर गिट फिल्टर-रेपो (इतिहास नव्याने लिहिणारं साधन) आहे, पण त्याने त्या कमिटपासून पुढचे सगळे हॅश (कमिटचे ओळख-क्रमांक) बदलतात, फोर्स पुश करावं लागतं (सामायिक रेपोतला इतिहास जबरदस्तीने बदलावा लागतो) आणि प्रत्येकाला नव्याने क्लोन (रेपोची प्रत) घ्यावा लागतो. फक्त ट्रॅकिंग (गिटने त्या फाइलवर लक्ष ठेवणं) थांबवायचं असेल तर 'गिट आरएम'ला 'कॅश्ड' पर्याय लावा आणि फाइलचं नाव गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) घाला. मात्र टीमला आधी कळवा: तुमच्या मशीनवर फाइल राहते, पण इतरांनी पुल केलं (नवे बदल आपल्याकडे ओढले) की त्यांच्याकडची उडते.

डेटाबेसकाका
वेगळ्या रिलीजचं मान्य. पण माझी एक अट: काढण्याआधी त्या कोडमध्ये एक लॉगची ओळ (तो चालला की नोंद करणारी) घाला आणि पूर्ण आर्थिक वर्ष वाट बघा. वर्षभरात ती ओळ उमटली नाही तर खुशाल काढा.

खिडकीवाला
पैशांच्या हिशोबाला हात लागतो तिथे वर्षभर थांबायला तयार आहे. कॉमेंट करून ठेवलेल्या ओळी आणि 'फायनल_२' यांच्यासाठी नाही, त्यांत चालण्यासारखं काही नाहीच. त्यांची पुल रिक्वेस्ट (बदल तपासून घेण्याची विनंती) सोमवारी टाकतो, फोल्डरगणिक एक कमिट. क्रॉनच्या नोंदी रेपोत आल्याशिवाय स्क्रिप्टच्या फोल्डरला हात लावणार नाही.