अनुभव धागा: थंडीने तुम्हाला कुठे गाठलं?

फोंडेकर (धागाकर्ता)
आपल्याकडे थंडीचं कौतुकच जास्त. स्वेटर वर्षातून चार दिवस बाहेर येतो, तोही डांबरगोळ्यांचा वास घेऊन. पण गेल्या जानेवारीत पहाटे बेळगावला निघालो होतो. साखळीपर्यंत आभाळात लख्ख चांदण्या, आणि केरी ओलांडून चोर्ला घाट लागला तर समोर काहीच नाही. अप्पर मारला, सगळा उजेड धुक्यावर आपटून माझ्याच डोळ्यांत. डिप्पर करून, काच खाली घेऊन कानाने गाडी चालवली म्हणा ना. एका वळणावर बंद पडलेला ट्रक, मागे दिवा नाही. हातभर अंतर राहिलं. पुढे जागा मिळताच गाडी वळवली आणि केरीला चहाच्या टपरीवर उन्हं येईपर्यंत बसून राहिलो. तुमचे अनुभव लिहा, डोंगरातले, सपाटीवरचे, कुठलेही.

काजूवाला, वाळपई
रस्त्याचं राहू दे, मोहराचं बोला. आंब्याला मोहर यायला थंडी लागतेच, पण कोरडी. मोहर फुटल्यावर ढगाळ, दमट हवा लागोपाठ राहिली की तुडतुड्यांची कीड आणि भुरीची बुरशी. काजूवर ढेकण्या नावाची कीड बसते, कोवळी पालवी करपल्यासारखी होते. सकाळी बागेत गेलो की आधी आभाळ बघतो, मग झाड.

मडगावची मावशी
आम्ही डिसेंबरात दिल्लीला भाच्याच्या लग्नाला गेलो होतो. भाड्याची खोली, हीटर नाही. घरमालकिणीने मायेने कोळशाची अंगीठी पेटवून दिली. आम्ही शहाणे, वारा येतो म्हणून दारं-खिडक्या गच्च लावल्या, फटीत टॉवेल कोंबले. रात्री माझं डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुरू झाली. म्हटलं, लग्नातलं तळण बाधलं. ह्यांना हाक मारते तर उठेनात. नशीब, ओकारी येतेय म्हणून मी दार उघडलं! ह्यांना ओढत जिन्यात आणलं, शेजारी धावले, थेट इस्पितळ, ऑक्सिजन. डॉक्टर म्हणाले, कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना वास ना रंग, रक्तातली ऑक्सिजनची जागा तोच अडवतो. धूर दिसत नव्हता म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पित्ताची गोळी घेऊन झोपले असते तर हे लिहायला उरले नसते.

पेडण्याचा पोरगा
बाप रे, मावशी! माझं त्यापुढे किरकोळ. मनालीहून अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलला गेलो. 9 किलोमीटर बोगदा, बाहेर पडलो की सगळं पांढरं. ड्रायव्हर सांगत होता, बर्फावर चाला, काळ्या रस्त्यावर नको. मला उलटंच वाटलं. तो ओला दिसणारा डांबरी रस्ता म्हणजे काचेसारखा गोठलेला पातळ थर, ब्लॅक आइस. समुद्रावर मिरवायचे ते गुळगुळीत बूट पायांत. दोन पावलं टाकली आणि मनगट मोडलं. तेव्हापासून घरच्या फरशीवरही बदकासारखा चालतो.

वास्कोची ताई
दाबोळीला कडक ऊन आणि विमान नाही, कारण ते दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं. सहा तास. बिस्किटं खाऊन दिवस काढला.

पेडण्याचा पोरगा
आपल्याकडे शीतलहर जाहीर होऊ शकते का हो?

फोंडेकर
होऊ शकते. हवामान खात्याचा निकष सपाटीवर किमान तापमान 10 अंश किंवा कमी, डोंगरात शून्य, पण किनाऱ्यावर 15 अंशही पुरतात, नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी घसरण असेल तर. पंजाबातला माणूस हसेल, हसू दे.

मडगावची मावशी
पंधरा असो की शून्य, आमच्याकडे शेगडी आता अंगणातच. परवा नातवाने रताळी भाजायला ती उचलून आत आणली, तर मी अशी ओरडले की शेजारीण हातातलं टाकून धावत आली.